हस्तलिखितात न मावलेली लाल शाई

मी वाचायला शिकलो ते पत्रकांवर. वडिलांकडे कुणी ना कुणी रोज एखादं पत्रक आणून टाकायचं. सभेचं, संपाचं, निषेधाचं, त्या निषेधाच्या निषेधाचं. त्यामुळे वाक्य म्हणजे शेवटी उद्गारचिन्ह असलेली वस्तू, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. बी.ए. झालो तेव्हा स्वातंत्र्याला दहा वर्षंही झाली नव्हती आणि देशाचं फार थोडं काम शिल्लक आहे, ते आपण करून टाकू, असा माझा अंदाज होता. सुरुवात अंधेरीच्या एका शाळेत मराठी शिकवण्यापासून करायची ठरली. ठरली म्हणजे दुसरीकडे कुठे कुणी घेतलं नाही.

शाळेच्या मागच्या भिंतीपलीकडे म्हशींचा तबेला होता. वर्गात मी बोलत असताना म्हशीही बोलत. मुलं दोघांकडे सारखंच लक्ष देत. मी बी.टी. नव्हतो, म्हणजे शिकवण्याची पदवी नव्हती, म्हणून माझी नेमणूक हंगामी. जूनमध्ये कायम करायचं की नाही, ते मुख्याध्यापक ठरवणार होते. वडील नुकतेच घरी बसले होते, तेव्हा ही नोकरी टिकणं आम्हाला फार गरजेचं होतं. मात्र आपल्यासारख्या माणसाला कायम करण्यावाचून शाळेला गत्यंतर नाही, याविषयी मला शंका नव्हती.

एक शनिवार सोडून एक शनिवारी दुपारी मालाडच्या एका शाळेत आसपासच्या मराठीच्या शिक्षकांचं मंडळ भरायचं. वर्गात काय जमलं, काय फसलं, निबंध कसे तपासावेत, असल्या गप्पा. अध्यक्ष वगैरे कुणी नव्हतं, पण बोरिवलीहून येणाऱ्या एक बाई होत्या, त्याच अध्यक्ष. वीस-बावीस वर्षं शिकवलेल्या, मूळच्या मालवणकडच्या, आणि कुणाचीही भीड न ठेवणाऱ्या.

त्या मंडळापुढे त्या वर्षी प्रत्येक शाळेने आपलं हस्तलिखित आणायचं होतं. हस्तलिखित म्हणजे मुलांच्या लेखांचा वार्षिक अंक. छापायचा नाही, हातानेच लिहायचा, एकच प्रत, पुठ्ठ्याची बांधणी. आमच्या अंकाचा संपादक अर्थातच मी. विषय दिला ‘आमच्या घरची सकाळ’. मुलांना सांगितलं, “मनातलं लिहा. कुणाला भिऊ नका. मलाही.”

मुलांनी मनातलं लिहिलं. एका मुलाने लिहिलं होतं : ‘आमच्याकडे सकाळी पहिले बाबा उठतात. आम्ही तिघं भावंडं जागीच असतो पण डोळे मिटून पडून राहतो. जो पहिला उठेल त्याला नळावर पाठवतात. दादाचे डोळे मिटलेले असतात पण पाय हलतो. बाबा बोलतात, झोपलेल्या माणसाचा पाय हलतो का. दादा बोलतो, हलतो.’

हे वाचून मला वाईट वाटलं. केवढा मोठा विषय, आणि मुलगा पायात अडकलेला! मी लाल शाई काढली आणि समासात, ओळींच्या मध्ये, मग कागदाच्या पाठीमागे लिहिलं : ‘धूसर प्रकाशात श्रमजीवींची वस्ती जागी होते. नळावरची ती रांग म्हणजे समाजाने आपल्या लेकरांच्या खांद्यावर लादलेली विषमतेची कावडच होय!’ ‘दादा बोलतो, हलतो’ हे वाक्य खोडलं आणि शेजारी शेरा दिला, ‘विनोद अस्थानी’. एका मुलीने लिहिलं होतं, ‘स्टो लवकर पेटला की आई गुणगुणते. नाही पेटला की आम्ही सगळे शहाण्यासारखे वागतो.’ तिथे मी रॉकेलच्या प्रश्नावर दीड परिच्छेद जोडला.

यात काही गैर आहे, असं माझ्या मनातही आलं नाही. मी मुलांच्या मनातलंच तर लिहीत होतो. ते अजून त्यांच्या मनात आलेलं नव्हतं, इतकंच.

आठवीत एक मुलगी होती, तिचं अक्षर छापल्यासारखं. सुधारलेल्या लेखांचा गठ्ठा मी अंकात उतरवायला तिच्याकडे दिला आणि संपादकीय लिहायला बसलो. ते चार पानं झालं. चित्रकलेचे शिक्षक माझ्याच वयाचे, माझे मित्र. त्यांनी पानांना वेलबुट्टी काढली. अंक बांधून आला तो शनिवारी सकाळी थेट मुख्याध्यापकांकडे. कुणाचे हात लागू नयेत म्हणून त्यांनी तो स्वतःच्या पिशवीत घातला आणि मालाडला निघाले. म्हणजे मी संपादक, पण अंक पाहिलेला नाही.

वाचन सुरू होण्याआधी मी परवानगी मागून चार शब्द बोललो. वीस मिनिटं. विषय होता, मुलांच्या भाषेवर शिक्षकांनी चालवलेली जुलूमशाही. “लाल शाई ही मुलांच्या रक्ताची शाई आहे!” असं एक वाक्य होतं. ते टाळीसाठी होतं, पण टाळी आली नाही. बाई म्हणाल्या, “बसा आता. अंक दाखवा.”

त्यांनी अंक उघडला आणि मोठ्याने वाचायला घेतला. मी डोळे मिटून, मान किंचित तिरकी करून धूसर प्रकाशाची वाट बघत बसलो.

“आमच्याकडे सकाळी पहिले बाबा उठतात,” बाईंनी वाचलं.

मी डोळे उघडले. बाई वाचत गेल्या. “दादा बोलतो, हलतो” इथे त्यांना हसू आवरेना. सगळे हसले. “मेल्यानं काय लिहिलंय!” असं म्हणून त्यांनी ते पुन्हा वाचलं. मग स्टो वाचला. तेव्हाही हसू आलं, पण बेताचं. पानामागून पान जात होतं आणि माझा एक शब्द कुठे नव्हता. श्रमजीवी नाहीत, कावड नाही, रॉकेल नाही. शेवटी संपादकीय आलं. ते एका पानात संपलं होतं. संपलं म्हणजे ‘म्हणूनच आपण सर्वांनी’ इथे पान संपलं होतं, आणि त्याच्याखाली माझं नाव होतं.

“वा!” बाई म्हणाल्या. “पुढचं वाचणाऱ्यावर सोडलंय. आणि मुलांच्या लिहिण्यात कुठे मास्तरचा हात नाही. भाषण ऐकताना मला वाटलं होतं, हा नुसता बोलणारा आहे.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. खरं बोलायला तो क्षण अगदी सोयीचा होता. मी नम्रपणे मान खाली घातली. आयुष्यात पहिल्यांदाच मी गप्प राहिलो, तेही नको तिथे.

“पुढच्या बैठकीला कच्चे कागद घेऊन या,” बाई म्हणाल्या. “तुम्ही मुलांशी नेमकं काय करता, ते आम्हाला बघायचंय.”

परतताना मुख्याध्यापक म्हणाले, “जूनपासून तुम्हाला कायम करावं, असं मी चालकांना लिहिणार आहे. पुढची बैठक होऊ द्या, म्हणजे तेही लिहिता येईल.”

सोमवारी मी आठवीतल्या त्या छापील अक्षराच्या मुलीला बोलावलं. आधी रागावायचं ठरवलं होतं. मग रात्रीतून माझं मत बदललं होतं. ही मुलगी बंडखोर आहे, तिने दबलेल्या लेखकांची बाजू घेतली आहे, असा शोध मला लागला होता आणि तिचं अभिनंदन करायला मी तयार होतो.

“मी लाल शाईनं लिहिलेलं तू गाळलंस. का?” मी विचारलं.

“मावत नव्हतं, सर.”

“मावत नव्हतं?”

“चित्रकलेच्या सरांनी प्रत्येकाला एकच पान आखलं होतं. वेलबुट्टी काढून झाली होती. तुमचं धरून अडीच-अडीच पानं होत होती. मग कुणाचं तरी काढायला लागणारच ना?”

“मग माझंच का काढलंस?”

ती जरा गोंधळली. मला हे कसं कळत नाही, असं तिच्या चेहऱ्यावर होतं. “खाली नावं त्यांची होती ना, सर.”

“विचारायचं होतंस मला.”

“आलेले दोनदा. तुम्ही शिक्षकांच्या खोलीत भाषण करत होता.”

बंडखोर वगैरे काही नव्हती ती. तिला पानं पुरवायची होती.

मित्राला मी सगळं सांगितलं. तो हसून हसून बाकावर आडवा झाला. मग उठून म्हणाला, “सोपं आहे रे. पोरांना परत लिहायला लाव त्यांचंच, कोऱ्या कागदावर. अर्ध्या तासाचं काम. तेच कच्चे कागद म्हणून दाखव.”

“मी असली फसवणूक करीन असं तुला वाटलं तरी कसं?” मी ओरडलो. तत्त्व, निष्ठा, शिक्षकाचा पेशा, यांवर बरंच बोललो. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मंगळवारी दुसऱ्या तासाला मी मुलांना कोरे कागद वाटले.

“सर, लाल शाईतलं पण उतरवायचं का?” पाय हलवणाऱ्या दादाच्या भावाने विचारलं.

“नको.”

“बरं झालं. मला ते वाचून कळलंच नव्हतं.”

पुढच्या बैठकीला मी मुख्याध्यापकांबरोबर मालाडला गेलो तेव्हा पिशवीत दोन गठ्ठे होते. एक स्वच्छ, एक लाल. लाल गठ्ठा बरोबर का घेतला, हे मला नीट सांगता येणार नाही. सद्सद्विवेकबुद्धी वगैरे म्हणायला मला आवडेल. खरं म्हणजे तो घरी ठेवला तर वडील वाचतील, ही भीती जास्त होती.

मी उठणार, एवढ्यात बाईच उभ्या राहिल्या. “आधी मला बोलू द्या. मास्तरांचा अंक बघून मी घरी गेले आणि लाल पेन्सिल बाजूला ठेवली. पंधरा दिवस पोरांच्या वह्यांना हात लावला नाही. तर काल एक पोरगी रडायला लागली. म्हणते, बाई, तुम्ही माझं वाचलंच नाही. दुसरा म्हणतो, चूक नाही तर मग बरोबर तरी लिहा. आता काय करायचं, मास्तर? तुम्ही यातून वाट कशी काढलीत? ते ऐकायलाच मी आलेय. चाळीस पोरांच्या वह्या माझ्याकडे तशाच पडल्यात.”

त्या वही काढून बसल्या, माझं बोलणं टिपून घ्यायला.

मी यातून वाट काढलीच नव्हती. बाईंकडची ती पोरगी माझ्या नम्र मानेमुळे रडली होती. मी पिशवीत हात घातला आणि लाल गठ्ठा टेबलावर ठेवला. मग, आता खरं बोलायचंच तर सगळं, असा झटका आला आणि दुसराही ठेवला. काय झालं ते सांगितलं. पान कमी पडलं, तेही सांगितलं. एवढं तीन मिनिटांत झालं. मग मी खिशातून आत्मपरीक्षणाचं टिपण काढलं. त्यात अकरा मुद्दे होते.

पहिला मुद्दा निम्मा झाला तेव्हा माझ्या लक्षात आलं की कुणी ऐकत नाही. सगळे लाल गठ्ठ्यावर वाकले होते. बाईंनी श्रमजीवींची वस्ती वाचून दाखवली. त्यांच्या आवाजात ती फारच वाईट वाटत होती. लोक इतके हसले की शेजारच्या वर्गातून शिपाई बघायला आला.

“माझ्या वह्या आणल्या असत्या तर याहून बरं काही निघालं नसतं,” डोळे पुसत बाई म्हणाल्या. “फक्त मी एवढं लांब लिहीत नाही. पण हे बघा, ‘विनोद अस्थानी’. अहो, इथे मला काय वाटलं माहितीय? एवढी सगळी सोंगं करतायत, मग नळावर शेवटी जातं कोण? हे विचारलंत का त्याला?”

मी विचारलं नव्हतं.

“मग तेच लिहायचं खाली,” त्या म्हणाल्या. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, “एक प्रश्न. आपल्याला खरंच उत्तर माहीत नाही असा. पोरांना कळेल की वाचलंय.”

तास-दीड तास तेच चाललं. एकेक कागद घ्यायचा आणि खाली कोणता प्रश्न लिहावा, ते बोलायचं. माझा प्रत्येक प्रश्न ‘तुला असे वाटत नाही काय की’ने सुरू व्हायचा आणि बाई म्हणायच्या, “हा प्रश्न नाही हो, ही सभा आहे.”

सोमवारी मी त्या मुलाच्या कागदाखाली पेन्सिलीने बाईंचाच प्रश्न लिहिला. त्याने खाली उत्तर लिहिलं, ‘आई. तिला सोंग येत नाही.’ विषमतेबद्दल मी दोन पानं लिहिली होती. त्याच्या उत्तरापुढे उद्गारचिन्ह द्यायचा मोह मी मोठ्या कष्टाने आवरला.

जूनमध्ये मुख्याध्यापकांनी बोलावलं. समोर नेमणुकीचा कागद होता. आणखी एक वर्ष, हंगामी.

“लाल शाईचं मला काही वाटलं नाही,” ते म्हणाले. “माझ्या तरुणपणी मी याहून जास्त सांडलीय. पण मुलांना वर्गात बसवून तो दुसरा गठ्ठा करून घेतलात, ते मला विसरता येत नाही. तो दाखवलात, म्हणून हा कागद तरी आहे.”

वडिलांना काय सांगायचं, हे माझ्या डोक्यात सुरू झालं. त्याच वेळी, अन्यायाविरुद्ध निदान दोन ओळी तरी लिहिल्या पाहिजेत, असंही सुरू झालं. मी पेन उघडलं आणि सहीच्या वरच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं.

“मास्तर,” मुख्याध्यापक म्हणाले, “फक्त सही.”

मी फक्त सही केली.