सुनेच्या डब्यातले चिंचोके

नोकरी सांभाळून मी नर्सिंगचं एम.एस्सी. करत होते. प्रबंधाचा विषय मीच हौसेनं निवडला होता: अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची दर दोन तासांनी कूस बदलली, तर पाठीच्या जखमा टळतात का? प्रत्येक खाटेला तक्ता टांगला. कूस बदलली की बरोबरची खूण करायची, बस्स.

खुब्याचं हाड मोडलेली करमाडची एक आजी वॉर्डात होती, सोबत तिची सून. एका सकाळी अंग पुसताना आजीच्या माकडहाडावर लाल चट्टा दिसला. जखम अशीच सुरू होते. तक्ता तर खुणांनी भरलेला! जखम झाली तर आजीचं काय? आणि खोटं कशाला बोलू, माझ्या प्रबंधाचं काय, हीही धास्ती होतीच.

सुनेवरच घसरले. "तुम्हीच परत उताणं निजवत असाल!"

"नाय ओ सिस्टर!" घाबरून तिनं उशाशी ठेवलेला डबा उघडला. तिला घड्याळ कळत नव्हतं. आम्ही सासूला वळवलं की ती त्यात एक चिंचोका टाकायची. "हे कालचे. सकाळधरनं दिवस मावळंपर्यंतचे."

दोन चिंचोके. तक्त्यावर तेवढ्याच वेळातल्या सहा खुणा, त्यातल्या तीन माझ्या हातच्या.

अरे देवा! काल अपघाताचे पेशंट आले, पळापळ झाली, आणि ड्युटी संपताना मी उभ्या उभ्या तिन्ही खुणा ओढल्या. आमच्यात सगळ्याच तसं करायच्या. तक्ता रिकामा दिसला की ओरडा बसायचा, पाठ कुणी बघत नसे. पण बाई, संशोधन तुझं होतं ना!

गाइड मॅडमना सांगावं तर सगळे तक्ते बाद, वर्ष वाया. दोन दिवस तोंड शिवून राहिले. जेवण टाकून आजीला वळवायला धावायचे, पाठ बघायचे. तिसऱ्या दिवशी कातडी फुटलीच.

"कागदात तर समदं बरोबर हाय म्हणता," सून म्हणाली, "मग आत्याबाईंना एवढं दुखतंय कशापायी?"

मला राहवलं नाही. वर्ष गेलं तर गेलं. तिच्यासमोर तक्ता काढला, माझ्या तिन्ही खुणांवर काट मारली. "ह्या खोट्या आहेत. मी वळवलंच नव्हतं."

ती चिडली असती तर बरं वाटलं असतं. तिनं नुसतं डब्याचं झाकण लावलं.

"मग आता तरी वळवा त्यांना," ती म्हणाली. "लई येळ झाला."