दीड मैलाची हरकत

विमानतळापासून निखिलच्या घरी पोचायला पाऊण तास लागला आणि त्या पाऊण तासात मला रस्त्यावर चालणारा एकही माणूस दिसला नाही. दिसली ती पार्किंगची मैदानं. साताऱ्याच्या नगररचना कार्यालयात मी एकतीस वर्षं आरेखक होते. म्हणजे साहेबांनी ठरवलेले रस्ते, शाळा आणि बागा नकाशावर रंगवणं हे माझं काम. त्यातल्या किती बागांची पुढे मंगल कार्यालयं झाली ते विचारू नका. पण इतक्या सपाट, पांढऱ्या पट्ट्या मारलेल्या जागा नुसत्या पडून आहेत हे पाहून निवृत्तीनंतर पहिल्यांदाच माझा हात शिवशिवला.

निखिल माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा. शिकागोच्या बाहेर, शॉमबर्गच्याही पलीकडे राहतो आणि आयटीत आहे. ताई गेल्यावर त्याने वडिलांना, म्हणजे माझ्या भाऊजींना, नागपूरहून इकडे आणलं त्याला चार वर्षं झाली. मी आले होते ती मुख्यतः त्यांना भेटायला.

त्यांच्या गावाला इथे अधिकृतपणे ‘व्हिलेज’ म्हणतात. या व्हिलेजमधून सहा पदरी रस्ता जातो, त्याच्या दोन्ही बाजूंना स्ट्रिप मॉल आहेत (एका ओळीत दुकानं आणि पुढे दुकानांच्या चौपट पार्किंग), आणि कारभार पाहायला व्हिलेज बोर्ड आहे. मी त्याला पहिल्या दिवसापासून ग्रामपंचायत म्हणू लागले. निखिलला ते फारसं आवडलं नाही.

भाऊजी पोस्टातून निवृत्त झालेले. नागपुरात सायकलवरून सगळीकडे जायचे. इथे त्यांना लायसन्स मिळालं नाही. नजरेच्या मधोमध सगळं पुसट दिसतं, कडेचं तेवढं नीट दिसतं. परीक्षेला गेले तेव्हा तिथल्या बाई म्हणाल्या, समोरचे आकडे वाचा. यांनी विचारलं, कोणते आकडे? तिथेच परीक्षा संपली. तेव्हापासून निखिल किंवा सूनबाई सायली नेईल तिथे जायचं, आणेल तेव्हा यायचं. खोली छान होती, टीव्ही भिंतीएवढा होता, फ्रिजमध्ये सहा प्रकारचं दही होतं. सगळ्याला भाऊजींचं एकच उत्तर असे : हरकत नाही. इकडे राहायला या म्हटलं तेव्हाही ते तेच म्हणाले होते. बेसमेंटमध्ये खोली केली तर चालेल का, हरकत नाही. बाजार रविवारीच करू, हरकत नाही. माझ्या कार्यालयात हरकत हा शब्द नोंदवहीतला होता. विकास आराखडा जाहीर झाला की लोकांकडून ‘हरकती व सूचना’ मागवायच्या, त्यांना क्रमांक द्यायचे आणि बहुतेक वेळा त्या फेटाळायच्या. भाऊजींच्या नावावर आयुष्यात एकही हरकत नोंदलेली नसावी.

दुसऱ्या आठवड्यात मी म्हटलं, आज सांबारवडी करू. नागपूरकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. त्या वडीला सांबार भरपूर लागतो आणि घरात चार काड्या होत्या. निखिल-सायली कामावर. भाऊजी म्हणाले, इंडियन स्टोअर रेल्वे स्टेशनाजवळ आहे, दीड मैल. मी म्हटलं, मग चला. ते माझ्याकडे असे बघत राहिले की जणू मी त्यांना पोहत शिकागोला नेणार होते.

पहिला अर्धा मैल फुटपाथ होता. मग तो एका बँकेपाशी अचानक संपला, पुढे गवत. गवतात कॅनडाची बदकं बसली होती. ती आम्हाला पाहून उठलीसुद्धा नाहीत, हक्क त्यांचाच होता. चौकात खांबावरचं बटण दाबायचं आणि थांबायचं. बऱ्याच वेळाने सिग्नलमध्ये पांढरा माणूस दिसतो, आपण पाऊल टाकतो, आणि तिसऱ्या पावलाला उलटे आकडे सुरू होतात. सहा पदर ओलांडायचे असतात. भाऊजींना आकडे दिसत नव्हते, म्हणून मी मोठ्याने वाचत होते. तीनवर आम्ही मधल्या पट्टीत अडकलो आणि दोन्हीकडून जाणाऱ्या गाड्यांचा वारा घेत उभे राहिलो.

तेवढ्यात पोलिसांची गाडी येऊन थांबली. तरुण शिपायाने फार अदबीने विचारलं की आपण हरवला आहात का.

“नाही,” भाऊजी इंग्रजीत म्हणाले, “आम्ही चाललो आहोत.”

हे उत्तर त्याला पटलं नाही. गाडी बंद पडली का, कोणाला फोन करू का, असं त्याने आणखी दोनदा विचारलं. शेवटी त्याने दिवे लावून वाहतूक थांबवली आणि आम्हाला पलीकडे पोचवलं. कोथिंबिरीसाठी एवढा बंदोबस्त मी कुठेच पाहिला नव्हता.

स्टेशन म्हणजे एक फलाट, दुमजली डब्यांची गाडी आणि भोवती पुन्हा पार्किंग. शेजारी बंद पडलेलं फर्निचरचं भलंमोठं दुकान. त्याच्या दारात एक पन्नाशीची बाई टेबल मांडून बसली होती, मागे नकाशे लावलेले. नकाशा दिसल्यावर मी पुढे जाणं शक्य नव्हतं. तिचं नाव डेब्रा, व्हिलेजची नियोजनकार. तिच्याकडे दिवसभरात आलेले आम्ही पहिलेच. बाकीचे स्टेशनात मोटारीने येतात आणि मोटारीने जातात.

तिने समजावून सांगितलं : हे बंद दुकान पाडून इथे नवी इमारत बांधायची. या कामाला इन्फिल म्हणतात (शेतात नवं गाव न वसवता वस्तीतल्याच रिकाम्या जागा भरणं). खाली दुकानं, वर चार मजले घरं, त्यांतला एक मजला ज्येष्ठांसाठी कमी भाड्याचा. जमीन व्हिलेजची. पैसे तीन ठिकाणचे : थोडे बिल्डरचे, थोडं राज्याचं अनुदान, आणि बाकी कर्ज, ते या पट्ट्यात पुढे वाढणाऱ्या मालमत्ता करातून फेडायचं. जी घरं अजून झाली नाहीत, त्यांच्या करावर ती घरं बांधायची. आमच्या साहेबांना हे सुचलं असतं तर सातारा केव्हाच मोठं शहर झालं असतं. अट एकच होती. पुढच्या आठवड्याच्या सभेत मंजुरी मिळाली नाही, तर अनुदान दुसऱ्या गावाला जाणार.

भाऊजी टेबलाजवळ सरकले. त्यांनी मला नकाशावर एक रेघ बोटाने दाखवायला सांगितली : इमारतीच्या दारापासून सांबाराच्या दुकानापर्यंत. मी दाखवली. माझ्या बोटाची दोन पेरं झाली. मग त्यांनी डेब्राकडून घर हवं असणाऱ्यांची यादी मागून घेतली आणि खूप खाली वाकून, कडेच्या नजरेने बघत, आपलं नाव लिहिलं. “शकू,” मला म्हणाले, “निखिलला एवढ्यात सांगू नको.”

नको म्हणण्याचं कारण मला घरी कळलं. वड्या खाताना निखिलने लॅपटॉप उघडला. तो त्यांच्या घरमालक संघाचा सेक्रेटरी होता आणि संघ याच प्रकल्पाच्या विरोधात होता. “मावशी, स्टेशनजवळ चार मजले आले ना, की सबर्बचा कॅरेक्टरच संपतो,” तो म्हणाला. “ट्रॅफिक वाढेल, स्कूल ओव्हरक्राउड होईल. आम्ही इथे घर कशासाठी घेतलं यार?” हा मुलगा नागपूरच्या धरमपेठेत वाढला, चालत शाळेत गेला, आणि अजून दर दिवाळीला तिथल्या कोपऱ्यावरच्या तर्री पोह्यांची आठवण काढून हळवा होतो. माझ्या जिभेवर आलं होतं, पण मी पाहुणी होते.

मग तो वडिलांकडे वळला. सभेला संख्या दिसायला हवी, सीनियर माणूस बोलला तर इम्पॅक्ट पडतो, मी सगळं लिहून देतो, तुम्ही फक्त वाचा. भाऊजींनी वडीचा तुकडा मोडला.

“हरकत नाही,” ते म्हणाले.

सभा संध्याकाळी सात वाजता. आमच्या ग्रामसभेत असते तशीच हवा होती, फक्त खुर्च्या मऊ. जो तो तीन मिनिटं बोलत होता. एका गृहस्थांनी सांगितलं की फर्निचरचं बंद दुकान हा गावाचा वारसा आहे. भाऊजींचं नाव अध्यक्षांनी तीन प्रकारे उच्चारून पाहिलं. ते माइकपाशी गेले. निखिलने दिलेला कागद मोठ्या अक्षरांत छापलेला होता. भाऊजींनी तो घडी घालून खिशात ठेवला.

“नो ऑब्जेक्शन,” ते म्हणाले.

कारकून बाईंनी मान वर केली. निखिल पहिल्या रांगेतून पुढे झुकून हळूच म्हणाला, “बाबा, आपण अगेन्स्ट आहोत.” हळूच, पण माइक चांगला होता.

“तू आहेस,” भाऊजी मराठीतच म्हणाले. मग अध्यक्षांची माफी मागून ते सावकाश इंग्रजीत बोलले. मी त्या यादीत आहे, म्हणाले. माझा मुलगा फार चांगला आहे, मला हवं तिथे नेतो. पण मला कुठे जावंसं वाटतं ते आधी दुसऱ्याला सांगावं लागतं, आणि सांगण्यासारखं नसेल तर मी जात नाही. चार वर्षांत मी उगाच म्हणून कुठेही गेलेलो नाही. तीन मिनिटं व्हायच्या आधीच ते येऊन बसले. माझे डोळे भरून आले होते आणि मी ते लपवले नाहीत. निखिल जमिनीकडे बघत होता.

प्रकल्प एका मताच्या फरकाने मंजूर झाला. अर्थात एक मजला कमी करून आणि पार्किंग वाढवून, म्हणजे सगळ्यांना आपण जिंकलो असं वाटावं. कमी झाला तो ज्येष्ठांचाच मजला. त्यांची घरं इतर मजल्यांवर मिळून निम्मीच राहिली. नावं चिठ्ठ्या टाकून निघतील, आणि राहायला जायला दोन वर्षं. डेब्राने लांबून आमच्याकडे पाहून खांदे उडवले.

निखिलने पार्किंगमधून गाडी बाहेर काढली. मग म्हणाला, “बाबा, मला आधी सांगायचं ना.”

“तू कधी विचारलंस? तू सांगून राहिला, मी हरकत नाही म्हणून राहिलो.”

“पण मी तुम्हाला नेत नाही का कुठे?”

“नेतोस रे,” भाऊजी म्हणाले. “त्यालाच माझी हरकत आहे.”

दुसऱ्या दिवशी शनिवार. नाश्ता झाल्यावर भाऊजींनी बूट घातले आणि एकटे निघाले. निखिलने अडवलं नाही. तो गाडीत बसला आणि धोक्याचे दिवे लुकलुकत ठेवून त्यांच्या मागे चालण्याच्या वेगाने गाडी नेऊ लागला. मी शेजारी बसले होते. मागच्या गाड्या हॉर्न देत होत्या. बँकेपाशी फुटपाथ संपला तसे भाऊजी गवतात उतरले, बदकांमधून वाट काढत गेले आणि एकदाही मागे वळून पाहिलं नाही. निखिल म्हणाला, “मावशी, इथे फुटपाथ का नाहीये?” सात वर्षं तो रोज त्या रस्त्याने जात होता.

साताऱ्याला परतून मला तीन महिने झाले. माझ्याच गल्लीतल्या शाळेच्या मैदानावर आता बहुमजली पार्किंग येतंय. नोटीस नोकरीतल्यासारखीच आहे, हरकती तीस दिवसांत. आयुष्यभर दुसऱ्यांच्या हरकतींना क्रमांक दिले, या वेळी एक स्वतःची लिहून दिली. फेटाळतील, ते मला चांगलं माहीत आहे.

परवा भाऊजींचा फोन आला, तोही चालता चालता. चिठ्ठ्या अजून टाकलेल्या नाहीत, फर्निचरचं दुकान अजून उभं आहे. मी म्हटलं, भाऊजी, दोन वर्षं काय, बघता बघता जातील, थांबाल ना?

“मी अठ्ठ्याहत्तरचा होईन शकू. थांबायला माझी हरकत आहे,” ते म्हणाले. “म्हणून आज सांबार आणायला चाललो.”

फोनमध्ये गाड्यांचा आवाज वाढला. मी विचारणार होते की मागे निखिलची गाडी आहे का. तेवढ्यात त्याचाच आवाज आला, अगदी जवळून, जरा धापा टाकत.

“बाबा, चला, आकडे सुरू झाले.”