निर्यातीचं सासर, आयातीचं माहेर

देशाच्या व्यापारात निर्यात मोठी की आयात, यावर पेपरात रकाने भरून येतात. मी ते वाचते आणि पेपर घडी करून डब्यांखाली अंथरते. तो विषय मला कोणी शिकवायला नको. माझ्या आयुष्यात निर्यात आणि आयात एकमेकांचे व्याही होते, आणि व्याही जसे वागतात तसेच वागले.

माहेर अमळनेरचं. वडिलांची, म्हणजे आमच्या नानांची, शेंगदाणा तेलाची घाणी होती. मोठी नव्हे. पट्ट्यावर चालणारं एक यंत्र, दोन माणसं, आणि मागच्या अंगणात वाळत टाकलेल्या शेंगा. पण धुळ्याच्या बाजारातले दुकानदार नानांचा डबा न उघडता घ्यायचे. डब्याचं तोंड कथील वितळवून बंद करायची डाख नाना स्वतः द्यायचे, ते काम दुसऱ्याच्या हाती नाही. सासर रावेरकडचं, केळीवाल्यांचं. ऐंशीच्या आगेमागे लग्नाची बैठक झाली तेव्हा माझ्या सासऱ्यांनी, आबांनी, आपला बाग केवढा ते तासभर सांगितलं. नानांनी घाणी केवढी ते सांगितलंच नाही. "आमना तेलमा लबाडी नही," एवढं म्हणाले आणि पानाला चुना लावत बसले.

आमच्याकडे रीत होती. दिवाळीत शेंगांचा नवा माल आला की पहिलं तेल लेकीचं. भाऊबीज आटोपून मी सासरी निघाले की नाना डबा भरत, डाख देत, कुंकवाचं बोट लावत आणि एसटीच्या टपावर स्वतः चढवून देत. सासूबाई तो डबा शेजारणींना बोलावून फोडायच्या. वास ओसरीपर्यंत यायचा. सुनेचं कौतुक करण्याची त्यांना सवय नव्हती, तेलाचं मात्र भरभरून करायच्या. त्या घरात माझी जी काही पत होती ती त्या डब्यात होती. डबा संपत आला की सासूबाईंचा आवाज चढायचा, हे मी पहिल्याच वर्षी ओळखलं.

मग पामतेल आलं. आधी रेशनवर. लोक नाकं मुरडत, घसा धरतो म्हणत, आणि रांगेत उभे राहत. नाना हसायचे. नव्वदनंतर आयातीचं दार सताड उघडलं. बाहेरच्या देशांचं तेल बंदरावर उतरून टँकरने थेट बाजारात येऊ लागलं. जे दुकानदार नानांचा डबा न उघडता घेत, ते आता न उघडताच परत पाठवू लागले. शेंगा महाग, तेल महाग, आणि शेजारच्या दुकानात निम्म्या भावात तेल. नाना हसायचे थांबले.

त्याच सुमाराला सासरचे दिवस पालटले. तोवर आमची केळी वॅगनीत भरून दिल्लीकडे जायची. आता एका व्यापाऱ्यामार्फत ती आखातात जाऊ लागली. घड उतरवायचे, फण्या कापायच्या, तुरटीच्या पाण्यात धुवायच्या, पुसायच्या, आणि तान्ह्या लेकराला पाळण्यात ठेवावं तशा खोक्यात ठेवायच्या. ओरखडा दिसला की फणी बाजूला. बाजूला पडलेली घरात यायची. बागायतदाराच्या घरात धड केळं दिसेनासं झालं. माझ्या धाकट्याने एकदा खोक्यातलं एक उचललं तर आबांनी त्याच्या हातातून काढून घेतलं. "ते आपलं न्हाई, दुबईचं हाये," म्हणाले. स्वतः लावलेलं, स्वतः पाणी पाजलेलं केळं, आणि ते आपलं नाही. मला इतका राग आला की त्या दिवशी मी भाजीत मीठच घातलं नाही. कोणाच्या लक्षातही आलं नाही, सगळे खोकी मोजत होते.

बाहेर जायचं ते निवडून, आत यायचं ते स्वस्त. देशाचा व्यापार मला एवढाच कळला. सासरी स्लॅब पडला, दारात जीप उभी राहिली. "देशाला डॉलर मिळवून देणारी माणसं आपन," आबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. एकदा भांडी घासता घासता माझ्या डोक्यात आलं, की याच डॉलरनी ते पामतेल विकत येत असणार. आबांच्या केळीने मिळवायचे आणि नानांच्या घाणीवर नेऊन ओतायचे. हात तसाच राखेत राहिला. कोणाशी बोलणार? नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, तुला हल्ली फार सुचतं.

खोकी भरायला येणाऱ्या एका बाईजवळ मात्र मी पामतेलाला शिव्या दिल्या. तिने फणी पुसता पुसता ऐकून घेतलं. "तुमच्या नानाचं तेल आमी कवा खाल्लं, बाई? हे सस्तं आलं म्हून तं पोळ्याले आमच्या घरी पुऱ्या झाल्या." तिचं म्हणणं खरं होतं. आजही आहे. पण खरं आहे म्हणून राग कमी होतो असं थोडंच आहे?

त्या वर्षीही भाऊबिजेचा डबा आला; मी उभ्या उभ्या माहेरी जाऊन आले होते, घाणीच्या खोलीला सणाचं कुलूप होतं. डाख नानांचीच, कुंकवाचं बोट नानांचंच. सासूबाईंनी शेजारणींसमोर फोडला. वास ओसरीपर्यंत आला नाही. सासूबाईंना सर्दी होती, ते माझं नशीब. मला सर्दी नव्हती.

डिसेंबरात थंडी पडली. केळीच्या व्यापाऱ्याची माणसं जेवायला यायची होती, सकाळी सासूबाई तळणासाठी तेल काढायला गेल्या, आणि पळी डब्यात उभीच राहिली. वरचं तेल गढूळ, खाली पांढरं, लोण्यासारखं घट्ट. शेंगतेल आमच्याकडच्या थंडीत असं थिजत नाही, पामतेल थिजतं, हे खानदेशातल्या कुठल्याही बाईला सांगावं लागत नाही. सासूबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी डबा दोन्ही हातांनी ओढत ओसरीवर आणून आबांपुढे ठेवला; व्यापाऱ्याची माणसं तिथे येऊन बसली होती.

"तुह्या बापाचं तेल थिजलं, सूनबाई," त्या म्हणाल्या.

आबांनी बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं. "व्याह्यांनी आयात सुरू केली वाटतं," ते म्हणाले आणि व्यापाऱ्याच्या माणसांकडे बघून हसले. तीही हसली. पुऱ्या त्याच तेलात तळल्या. मीच तळल्या. सगळ्यांनी पोटभर खाल्ल्या, आणि त्यानंतर त्या घरात माझ्या माहेराचं नाव कोणी नीट घेतलं नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी जातात. तोवर मी राग पोटात धरून ठेवला. निघताना आबांनी, कधी नव्हे ते, नानांसाठी खोकं दिलं. वर इंग्रजीत छापलेलं, जहाजाचं चित्र असलेलं, दुबईला जाणाऱ्या मालाचं. आत त्यांनी काय भरलं ते मी पाहत होते. ओरखड्यांच्या, वाकड्या, बाजूला काढलेल्या फण्या. चिकटपट्टी मात्र नीट लावली. "व्याह्यांले सांग, एक्स्पोर्टची केळी हाये," म्हणाले.

रावेरहून अमळनेरपर्यंत ते खोकं मांडीवर घेऊन मी बोलायची वाक्यं जुळवत होते. तुमच्यापायी मला मान खाली घालावी लागली, हे पहिलं वाक्य.

घरी पोचले तर अंगणात शेंगा नव्हत्या. यंत्राचा पट्टा उतरवून खुंटीला टांगला होता. घाणीच्या खोलीतला ढेपेचा, शेंगदाण्याच्या पेंडीचा, वास गेला होता, आणि लहानपणापासून अंगात मुरलेला तो वास नाही म्हटल्यावर मला परक्याच्या घरात आल्यासारखं झालं. कोपऱ्यात लोखंडी पिंप होतं, त्याच्या शेजारी आमचे जुने डबे. नाना पिंपातून डब्यात तेल ओतत होते.

मला बघून ते उठले. खोकं बघून त्यांचा चेहरा उजळला. चिकटपट्टी हलक्या हाताने सोडवली, खोकं फाटू नये म्हणून. पहिली फणी देवापुढे ठेवली आणि उरलेली गल्लीत वाटायला निघाले. "मना याहीनी केळी शे. परदेशमा जास," प्रत्येक दारात सांगत होते. लोक डागी केळं हातात घेऊन मान डोलावत होते. मी उंबऱ्यात उभी राहून बघत होते.

परत आल्यावर मी एवढंच विचारलं, "नाना, दिवाळीच्या डब्यातलं तेल कुठलं होतं?"

त्यांनी पिंपाकडे पाहिलं. "घाणी बंद शे, बेटा. मंग तुले रिकामा हाते धाडू का?"

जुळवलेली सगळी वाक्यं गेली. रागही गेला असता तर बरं झालं असतं. तो राहिला, पण नानांवर धरता येईना, आणि ज्यांच्यावर धरायचा त्यांची तोंडंही मला ठाऊक नव्हती.

आखाजीला डबा द्यायची आमची रीत नव्हती. रीत दिवाळीची, नव्या शेंगांची. पण आता तेलाला हंगाम राहिला नव्हता, बंदरात जहाज बाराही महिने लागतं. निघायच्या दिवशी नानांनी डबा भरला. माझ्यासमोरच, पिंपातून. डाख दिली, कुंकवाचं बोट लावलं, आणि स्टँडवर मला वर चढू न देता स्वतः टपावर चढवला. वैशाखाचं ऊन रणरणत होतं, त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता.

गाडी सुटताना ते खिडकीशी आले. इकडेतिकडे बघून, आवाज खाली आणून म्हणाले, "थंडी पडनी का डबा उनमा ठेवजो."