खोली नंबर सहा

रोह्याच्या स्टेशनाजवळ गोपाळमामांचा सहा खोल्यांचा लॉज होता. मामा माझे सख्खे नव्हेत, पण सगळं रोहा त्यांना मामाच म्हणे. खोली रिकामी असताना दारातल्या माणसाला परत पाठवायचं नाही, एवढा एकच नियम ते पाळत. गरम पाणीसुद्धा त्यांच्या लहरीवर मिळे.

१९९९ साली गिऱ्हाईक इतकं आटलं की मामा लॉज विकायच्या गोष्टी करू लागले. तेवढ्यात मुंबईच्या एका कंपनीने कळवलं: डोलवीच्या कारखान्यावर येणाऱ्या आमच्या इंजिनीअरांसाठी सहाही खोल्या वर्षभर घेऊ, पण बुकिंग फक्त ई-मेलने. आधी येत्या शनिवारी एक खोली राखून दाखवा. ई-मेल यायची पेणला, नमिताच्या कॉम्प्युटर क्लासात. मामा दर सोमवारी एसटीने जाऊन टपाल आणावं तशी ती आणत. त्यांनी होकार कळवला.

शनिवारी नेमकं लग्नाच्या वऱ्हाडाने पाच खोल्या भरल्या. सहावीला मामांनी कुलूप घातलं. संध्याकाळी निडीचे जगन आणि धोंडुबाई हे म्हातारं जोडपं दारात आलं. जगनच्या पायाला नवं प्लास्टर, आणि निडीची शेवटची गाडी चुकलेली.

"खोली नाय," मामा म्हणाले.

"सहा नंबर रिकामी हाय ना?" आनंदीमामींनी आतून विचारलं.

"बुक हाय. कॉम्प्युटरवर शब्द दिलाय."

मामींनी भाकऱ्या बांधल्या, सतरंजी काखेत मारली आणि त्या दोघांसोबत फलाटावर जाऊन बसल्या. त्या सकाळीच परतल्या. इंजिनीअर आलाच नव्हता, तरी मामांनी सहा नंबरची चादर दोनदा बदलली होती. मला त्यांची कीव आली, राग त्याहून जास्त आला.

सोमवारी नमिताने दोन ई-मेल वाचून दाखवल्या. पहिली शुक्रवारची: इंजिनीअर येत नाही, खोली सोडून द्या. दुसरी त्या सकाळची: खोली राखली होती का?

"लिही," मामा म्हणाले. "राखली. पाय मोडलेल्या माणसाला परत पाठवला."

"हे कशाला, मामा?" नमिताने विचारलं.

"खरं हाय ते. लिही."

तासाभरात उत्तर आलं. कंपनीला असाच काटेकोर माणूस हवा होता. सहाही खोल्या पक्क्या.

घरी मामींनी ताट वाढता वाढता विचारलं, "जगनचं लिवलंत?"

"व्हय."

"मग काय म्हणाले?"

"शाबास म्हणाले."

मामा ताटावरून उठले. दुसऱ्या दिवशी त्यांनी दारावर पाटी लावली: 'खोल्या नाहीत'. आता तोंडाने सांगावं लागणार नव्हतं.