स्वराचा हिरवा ठिपका

आमच्या शिवाजी पेठेतल्या गल्लीत पोरांच्या मनगटावर लोकेशनवाली घड्याळं आली आणि आम्हा आयांच्या गप्पांतनं भाजी-आमटी कधीच मागं पडली. एकीचा किस्सा संपायच्या आत दुसरीचा तयार असतो.

माझी स्वरा पहिलीत. पोरगी नजरेआड झाली की मी दहादा दारात जाऊन बघते, म्हणून घड्याळ घेतलं. पहिल्याच दिवशी मोबाईलमध्ये बघितलं, तर स्वराचा हिरवा ठिपका रंकाळा तळ्याच्या मधोमध. पाण्यात! लगेच शाळेच्या रिक्षावाल्या मामांना फोन लावला.

मामा म्हणाले, "वहिनी, पोरगी माझ्या मागं बसून चिरमुरे खातीया. ती तळ्यात असंल तर माझी रिक्षा पण बोट झाली की."

शेजारच्या सुरेखाच्या शंभूचा ठिपका मैदानावर अगदी बरोबर असतो. पोरगा गल्लीत शिरला की ठिपका भिंतीतनं पलीकडच्या घरात! मोबाईल दुरुस्तीवाला म्हणाला, "उंच घरं, अरुंद बोळ. सिग्नल भिंतीवर आपटून येतोय. स्वस्तातल्या घड्याळाला ते कळत न्हाय."

सुरेखानं विचारलं, "मग घरं पाडू व्हय?"

आमच्या ह्यांच्या मोबाईलमधल्या नकाशातला बाण तर उलटीच दिशा दाखवायचा. स्क्रीनवर सूचना आली, मोबाईल हवेत इंग्रजी आठसारखा फिरवा. हे दारातच फिरवायला लागले. समोर स्वरा उभी. सासूबाई आतनं मीठ-मोहरी घेऊनच आल्या. "नुसत्या मोबाईलनं दृष्ट उतरती व्हय रं?"

दृष्ट उतरली. बाण तसाच.

परवा मात्र कहर झाला. शाळा सुटून बराच वेळ झाला तरी रिक्षा नाही. मामांचा फोन बंद. ठिपका घरामागच्या बोळात दिसला, मी चप्पल न घालताच पळाले. बोळ रिकामा! तेवढ्यात ठिपका आमच्या दारात गेला, तिथनं माझ्या मागं यायला लागला. मी वळले की तो वळायचा, मी थांबले की थांबायचा. डोळे मोबाईलवर आणि जीव टांगणीला. शेवटी तो येऊन माझ्याच ठिपक्यावर बसला.

"हे घड्याळ फेकूनच देते आता," मी रडकुंडीला येऊन म्हणाले.

तेवढ्यात ओढणीला हिसका बसला. बघते तर स्वरा, पाठीवर दप्तर, घामाघूम. बोळाच्या तोंडाशी मामांची उशिरा आलेली रिक्षा.

"मम्मी, मघाधरनं कुणाला हुडकालीस? मी पण हुडकू लागू का?"