वूफर हलवायचा होता

गाडीतला वूफर हलवायचा, एवढंच काम होतं. मागच्या सीटखालचं ते स्पीकरचं खोकं काढायचं, वायर थोडी लांबवायची आणि ते सीटच्या पाठीमागच्या फटीत उभं करायचं. एवढ्याशा कामासाठी मला नवऱ्याला घेऊन या म्हणून सांगण्यात आलं. त्याचा राग अजून गेलेला नाही, आणि तो घालवायची मला घाईही नाही.

गाडी माझी आहे. कागदावर माझं नाव आहे, चालवते मी, आणि घेतली तीही माझ्या रेशीमकोषांच्या जिवावर. आष्टीजवळ आमची तुती आहे, तिच्या कडेला अळ्यांची शेड आहे. शेडमधलं सगळं मी बघते. नवरा तुती सांभाळतो, पाला कापून आणतो. स्वभावानं गरीब माणूस. कुणी काहीही विचारलं की त्याचं एकच उत्तर ठरलेलं, "बघा, तुम्हाला बराबर वाटंल तसं." या एका वाक्यावर त्यानं आजवर कुणाशी भांडण केलं नाही. आमच्या घरातली भांडणं म्हणून सगळी माझ्या वाट्याला आली.

गाडी पिकअपच, पण दोन ओळींच्या केबिनची. पुढं दोन सीट, मागं एक लांब सीट आणि त्यामागं उघडा हौदा. जालन्याच्या एका कंत्राटदाराकडून जुनी घेतली. त्यानं इंजिनाबद्दल दोन शब्द सांगितले आणि वूफरबद्दल पुराण लावलं. कंपनीनंच बसवून दिलेला आहे, असा बास दुसऱ्या गाडीत मिळणार नाही, वगैरे. मला बास नको होता, केबिन हवी होती. कारण रेशमाच्या अळ्या उघड्या हौद्यातून आणता येत नाहीत.

हे थोडं सांगायला हवं. अंड्यांतून निघालेल्या बारीक अळ्या आधी एका सेंटरवर वाढवतात, त्याला चॉकी सेंटर म्हणतात. आमचं सेंटर वाटूर फाट्याच्या अलीकडं. तिथं अळ्या दुसऱ्यांदा कात टाकायला बसल्या की सेंटरवरून फोन येतो आणि आपण जाऊन त्या घरी आणायच्या. कात टाकताना त्या खात नाहीत, हलत नाहीत. तेवढ्या वेळात त्यांना आणलं तर ठीक, एकदा जाग्या झाल्या की त्यांना लगेच पाला लागतो. ऊन, वारं, हिसके आणि वास, यांतलं काहीही त्यांना चालत नाही. बॅच सुरू असली की मी पावडर लावत नाही आणि नवरा तंबाखू मळून शेडच्या दारातसुद्धा उभा राहत नाही.

आता मागची सीट उचलून पाठीला टेकवली की खाली सपाट जागा मिळते, आणि तिथं ट्रेवर ट्रे रचता येतात. मिळायला हवी, असं म्हणते. इथंच घोडं पेंड खात होतं. त्या जागेच्या मधोमध वूफरचं खोकं ठाण मांडून बसलेलं. गेल्या खेपेला ट्रे त्यावर कलते बसले. घरी येईपर्यंत अळ्या एका कोपऱ्यात ढिगानं जमल्या आणि खालच्या गुदमरून गेल्या. त्या मी सुपात भरून बाहेर टाकल्या. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो हा. त्या दिवशीच ठरवलं, पुढच्या बॅचला ट्रे सपाट बसलेच पाहिजेत.

सीटच्या पाठीमागं एक फट होती. ब्लाउजचं माप घ्यायच्या टेपनं मी ती मोजली, खोकंही मोजलं. उभं केलं तर बरोबर बसत होतं. म्हणजे गाणीही राहिली असती आणि अळ्याही. माझं बासशी काही वैर नव्हतं.

सेंटरचा फोन आला त्या दिवशी मला शेडसाठी चुना आणि ट्रेखाली घालायचा कागद आणायला जालन्याला जायचंच होतं. संध्याकाळी परत येताना अळ्या उचलायच्या होत्या. सकाळीच निघाले आणि आधी गाडीच्या वर्कशॉपमध्ये गेले. तिथला माणूस म्हणाला, कंपनीनं बसवलेलं हलवता येत नाही. मग थोडा विचार करून म्हणाला, साहेबांना घेऊन या, बघू. साहेब आले की कंपनीचा नियम बदलत होता काय, कोण जाणे.

तिथून गाड्यांचं सामान बसवणाऱ्या एका दुकानात गेले. दुकानदार गोड बोलणारा. मी सीट उचलून दाखवली, खोकं दाखवलं, फट दाखवली, अळ्यांचंही सांगितलं. तो मान डोलवत होता, पण लेकराचं ऐकताना डोलवतात तशी. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाला, "बराबर हाय ताई. दाजी कुठायत?"

"शेतात."

"मंग त्यांना एक फोन लावून घ्या ना. उद्या आमच्या अंगावर नको."

आमच्या ह्यांना त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं, तरी ते त्याचे दाजी झाले होते. मी म्हटलं, गाडी माझी, काम माझं, दाजींचा यात संबंध नाही. त्यानं हात जोडले, हसला, दुपारनंतर या म्हणाला. मला वाटलं, समजलं. गाडी तिथंच ठेवून मी चुना-कागदाच्या खरेदीला गेले.

दुपारनंतर आले तर दुकानाबाहेर गाण्याचा दणका सुरू होता. माझ्याच गाडीतून. काचा थरथरत होत्या आणि दुकानदार बोनेटला हात लावून कौतुकानं उभा होता. मागची सीट उचलली. जुन्या खोक्याच्या जागी त्याच्या दीडपट रुंद नवं खोकं. त्याच्याखाली फरशीभर नवं कार्पेट, ताज्या गमानं चिकटवलेलं. आणि आरशाला मोगऱ्याच्या वासाची बाटली लटकवलेली. ती फुकट, आपल्याकडून भेट, असं तो म्हणाला.

तळपायाची आग मस्तकात गेली. हे कुणी सांगितलं, असं विचारलं तर म्हणतो, दाजींशी बोलणं झालंय.

नंबर त्याला कुठून मिळाला, हे मला लगेच कळलं. आमच्या हौद्याच्या मागच्या फळीवर तो मोठ्या अक्षरांत रंगवलेला होता. गाडी घेतली तेव्हा पेंटरला मी माझा नंबर सांगितला होता. त्यानं ब्रश थांबवला आणि म्हणाला, बाईमाणसाचा नंबर गाडीवर बरा दिसत नाही, लोक नको त्या वेळी फोन करतात. नवरा शेजारीच होता. तो म्हणाला, बघा, बराबर वाटंल तसं. पेंटरला बरोबर वाटलं तसं झालं.

दुकानदारानं त्या नंबरवर फोन करून सांगितलं होतं की ताई वूफर काढा म्हणत आहेत, त्यांना बास सहन होत नसेल, पण काढतोच आहे तर त्याच्या बदल्यात मोठा घालू का? बांधावर तुती कापणाऱ्या माझ्या नवऱ्यानं काय उत्तर दिलं असेल ते सांगायची गरज नाही.

मी म्हटलं, गमाच्या या वासात माझ्या अळ्या मरतील. तो म्हणाला, दोन दिवसांत वास जातो. दोन दिवस! अळ्या सेंटरवर कात टाकत बसल्या होत्या आणि सकाळपर्यंत जाग्या होणार होत्या.

"काढा हे सगळं," मी म्हटलं.

"ताई, दाजींना एकदा इचारून..."

"दाजींच्या बापाचीबी न्हाई ही गाडी. काढा."

सासऱ्यांचा यात काही दोष नव्हता, पण तोंडून गेलं. त्यानंतर मात्र दुकान हललं. नवं खोकं निघालं, कार्पेट टराटरा फाडलं, मोगऱ्याची बाटली मी त्याच्या हातात परत ठेवली. जुनं खोकं सीटमागच्या फटीत बसवा म्हटलं तर म्हणाला, ते काम आधी सांगितलं नव्हतं. मी दुसरं काही सांगितलंच नव्हतं. पण ऊन उतरायला लागलं होतं. खोकं मीच उचलून हौद्यात टाकलं आणि चारही काचा खाली करून निघाले. गरम वाऱ्यानं डोळे चुरचुरत होते आणि एकटीच असल्यानं मी त्या दुकानदाराला मनसोक्त शिव्या देत होते.

नवरा ट्रे धरायला म्हणून वाटूर फाट्यावर येऊन थांबला होता. माझं तोंड बघूनच त्याला काहीतरी झाल्याचं कळलं. सगळं ऐकल्यावर म्हणाला, "मला वाटलं तूच सांगितलं आसंल."

"मंग मला एक फोन का न्हाई केला तुम्ही?"

आपलेच दात आणि आपलेच ओठ, चावून कुणाला सांगणार?

सेंटर चालवतात त्या काकूंनी गाडीत डोकं घातलं, नाक ओढलं आणि मागं सरल्या. "ह्या गाडीत मी माझी लेकरं घालणार न्हाई," म्हणाल्या. मला त्यांचा राग आला नाही. मीही हेच म्हटलं असतं. नवऱ्यानं त्यांच्याकडून पत्र्याचा एक तुकडा मागून घेतला आणि गुडघ्यावर बसून गमाचे पट्टे खरवडायला लागला. मी पाणी ओतत होते, पुसत होते. मग दारं सताड उघडी ठेवून वारं लागू दिलं. दिवस मावळता काकूंनी पुन्हा वास घेतला. कमी झालाय, पण गेलेला नाही, असं म्हणाल्या. नेताना काचा उघड्या ठेवल्या तर अळ्यांना वारं लागणार, बंद ठेवल्या तर वास. आणि ठेवून जावं तर सकाळी त्या भुकेल्या उठणार, सेंटरवर आमच्या बॅचपुरता पाला शिल्लक नव्हता.

काय करायचं ते मलाच ठरवायचं होतं. मी खाली कागदांचे थर अंथरले, ट्रे ठेवले आणि काचा बोटभर उघड्या ठेवल्या. ट्रे सपाट बसले. माझं म्हणणं अगदी बरोबर होतं, आणि ते बघून मला आणखीच चीड आली.

पुढच्या सीटवरही ट्रे ठेवावे लागले. म्हणून नवरा हौद्यात चढला. खोकं मोकळं होतं, उसळून आपटलं असतं, म्हणून त्यानं ते मांडीवर घेतलं. परतूरच्या चौकात ओळखीचे एक गृहस्थ मोटारसायकल शेजारी आणून विचारायला लागले, वूफर घेऊन हौद्यात कशाला बसलात?

"ह्याला आत जागा न्हाई," नवरा म्हणाला. "मलाबी न्हाई."

पहाटे शेडमध्ये गेले. बहुतेक ट्रेंमध्ये अळ्यांनी डोकी वर काढली होती. पाला टाकला तशा त्या खायला लागल्या. गमाच्या पट्ट्यांवर जे ट्रे होते, तेवढ्यांत हालचाल नव्हती. काही अळ्यांनी तोंडातून पाणी टाकलं होतं, बाकीच्या तशाच आखडलेल्या. मी पुन्हा सूप घेतलं. रडू आलं, आणि ते रागाचं होतं, हे लिहून ठेवते.

दुकान उघडायच्या वेळेला मी दुकानदाराला फोन केला. अळ्या मेल्याचं सांगितलं, कशानं मेल्या तेही सांगितलं. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ताई, दाजींना द्या ना फोन."

दाजी शेडपासून लांब, बांधावर उभ्या गाडीच्या मागं उकिडवे बसले होते. सकाळीच उठून त्यांनी फळीवरचा आपला नंबर खरवडून काढला होता आणि पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावायचा उरलेला रंग घेऊन तिथं माझा नंबर लिहीत होते. तो त्यांना पाठ नव्हता. एका हातातल्या मोबाइलमध्ये बघून एकेक आकडा काढणं चाललं होतं.

मी माझा फोन पुढं केला. त्यांनी तो घेतला नाही. ब्रश फळीवर तसाच टेकवून, पलीकडं ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "माझ्याशी काय बोलायचंय? गाडी तिची, अळ्या तिच्या. तिला बराबर वाटंल तसं."

मी फोन पुन्हा कानाला लावला आणि पहिल्यापासून सगळं परत सांगायला सुरुवात केली.