डॉक्टरांचा फ्रिज आणि आमचे मेस्त्री

किस्से कसे साठतात सांगू? मागीलदारी नारळाची सोडणं साठतात ना, तसे. रोजचा एक नारळ सोलायचा, चार सोडणं कोपऱ्यात टाकायची, त्याचं काय मोजायचं? मग एके दिवशी पाणी तापवायला म्हणून हात घालावा, तर कमरेएवढा ढीग! मला अक्षर येत नाही, त्यामुळे सगळं डोक्यातच ठेवावं लागलं. म्हणून तर टिकलं. कागदावर ठेवलेलं माणूस खुशाल विसरतो.

तर तोंडवलीत एक होता होड्या बांधणारा मेस्त्री, बाबल त्याचं नाव. एक होती त्याची म्हातारी आई, तिला आम्ही आये म्हणायचो. एक होती त्याची बायको, ती मी. तिकडे मालवणात एक होते डॉक्टर, आणि त्यांचा एक कंपाउंडर, शांताराम, जीपही तोच चालवायचा. आणि एक होता फ्रिज. तो आला आणि आम्हा पाच जणांच्या मधोमध बसला.

मालवणात तेव्हा नुकती वीज आली होती. आमच्या गावात चिमणी आणि कंदीलच. त्या वर्षी आमच्या मांगरात, होड्या बांधायच्या त्या छपराखाली, नवी होडी नव्हती. फोंडाघाटातून ट्रक धावायला लागले, माल गलबतातून उतरला आणि ट्रकात चढला. जुन्या होड्यांची डागडुजी तेवढी उरली. मुंबईहून थोरल्या दिरांचं पत्र आलं, गोदीत सुतार घेतायत, तुळशीच्या लग्नापर्यंत ये. काम काय, तर खोकी ठोकायची.

मेस्त्रींनी पत्र वाशाला खोचून ठेवलं. मी रोज केर काढताना त्या वाशाकडे बघायची. होडीचा बाक नुसत्या नजरेने काढणारा माणूस, त्याने खोक्यांना खिळे मारायचे, आणि तेही माझ्यापासून लांब जाऊन? मला ते नको होतं. पण नको म्हणायला घरात दुसरं काम हवं ना!

तेवढ्यात डॉक्टर आले.

०००

डॉक्टर पूर्वी लष्करात होते. लष्कराने मोडीत काढलेली एक जीप आणि तिच्यामागे ओढायची एक बुटकी गाडी त्यांनी घेतली होती. ट्रेलर म्हणायचे तिला. आत एक माणूस झोपेल, स्टोव्ह पेटवेल, दोन कपाटं राहतील, एवढीच जागा. ती घेऊन गावोगाव मुक्काम करायचा, रोगी तपासायचे, असा त्यांचा बेत. पण फुरसं चावल्यावर जे इंजेक्शन देतात ते थंडीतच टिकतं. म्हणून आत फ्रिज हवा, आणि तो बसवून द्यायला मेस्त्री हवे.

डॉक्टरांनी फ्रिजची चित्रं आणली होती. त्यातला सगळ्यात मोठा त्यांना आवडला. मेस्त्री म्हणाले, "डॉक्टर, चित्र मापूक येणा नाय." मग त्यांनी दोरीने ट्रेलर मापला आणि आमच्या सारवलेल्या खळ्यात चुन्याने तेवढाच चौकोन काढला.

मला म्हणाले, "तू फ्रिज. हयसर उभी रव." आयेला म्हणाले, "तू डॉक्टर. हयसर आडवी पड."

आये आडवी पडली. दुपार होती, तिला बरंच वाटलं.

"आता दार उघड," मेस्त्री मला म्हणाले. मी हात पसरून फिरवला, तो थेट आयेच्या तोंडावर!

"अगो बाय माझे, डॉक्टराचा नाक मोडला!" आये ओरडली.

डॉक्टरांनी तिथल्या तिथे धाकटा फ्रिज पसंत केला. आणि मी? लग्नाला पंधरा वर्षं झाली होती. सासूच्या तोंडावर हात मारायची संधी ती एकच, आणि तीही नवऱ्याच्या हुकमाने!

०००

त्या फ्रिजच्या पोटात मोटर नव्हती. डॉक्टरांनी समजावलं की मागच्या बाजूला तापवायचं, म्हणजे पुढच्या बाजूला गार होतं. विजेवर तापवा नाहीतर रॉकेलची वात लावा.

आयेने पानाचा तोबरा गालात सरकवला. "आग लावन् थंडी?"

"हो आजी."

"मगे ह्या घरात पन्नास वर्सां मी जळतंय, अजून कोण कसो थंड झालो नाय?"

खाचखळग्यातून जाताना वात भडकेल म्हणून विजेचंच ठरलं. मालवणात घरच्या विजेवर लावायचा, आणि वाटेत जीपच्या बॅटरीतून तार आणायची.

०००

फ्रिज आला. मेस्त्रींनी त्याच्याभोवती सागाचं कपाट बांधलं. काय काम केलं होतं! फळीला फळी अशी भिडवली की मध्ये केस जाणार नाही. तरी समाधान नाही. सांध्यासांध्यात कापूस ठोकला, वरून राळ आणि तेल. होडी असती तर थेट समुद्रात लोटली असती.

डॉक्टरांनी मालवणात नेऊन घरच्या विजेवर फ्रिज चालू केला. दुसऱ्या दिवशी आतलं पाणी बघतात तर कोमट! शांतारामने कपाटाची फळी उचकटली, आणि हात झटकत मागे आला. फ्रिजची पाठ तव्यासारखी तापली होती. ती गरमी बाहेर जायला कुठे फटच नव्हती. जीप पुन्हा आमच्या खळ्यात आली.

"मेस्त्री," डॉक्टर म्हणाले, "तुम्ही त्याचं नाक बांधलंत."

मेस्त्रींनी गिरमिट हातात घेतलं आणि फळीसमोर उभे राहिले. उभेच राहिले. मी चहा आणला, चहा निवला, तरी तसेच.

"तीस वर्सां भोकां बुजवलंय," मला हळू म्हणाले. "आता माझ्याच हातान पाडू?"

त्या प्रश्नाला हसावं असं मला वाटलं नाही. जन्मभर ज्याला चूक म्हटलं, ते एके सकाळी बरोबर ठरलं, तर माणसाने आपले हात कुठे ठेवायचे? मी म्हटलं, "घराक खिडकी ठेवतास ना? ती काय चूक?"

मग त्यांनी खाली एक ओळ आणि वर एक ओळ, अशी भोकं पाडली. फ्रिज गार झाला. आये ती भोकं बघून म्हणाली, "काय बाबल्या, पावसात बुडाक लागल्यार कोणाक सांगतलंस?"

०००

एक कबूल करते. तो फ्रिज बिघडला की मला आनंद व्हायचा. डॉक्टरांची जीप खळ्यात आली की मेस्त्री हत्यारं काढायचे, आणि वाशावरच्या पत्राकडे चार दिवस कोणी बघायचं नाही. मी तुळशीला पाणी घालताना रोज म्हणायची, "देवा महाराजा, आणखी एकदा बिघडू दे."

आणि देव ऐकायचा!

मालवणात बर्फ करणारा फ्रिज आमच्या गावात आला की गरम. इथून नेला की पुन्हा गार. गावाची दृष्ट लागते म्हणून लिंबू टांगून झालं. शेवटी डॉक्टरांनी दुकानदाराला पत्र घातलं. उत्तर आलं की फ्रिज अगदी सपाट उभा पाहिजे, जरा कलला तर काम करत नाही. आणि आमच्याकडे ट्रेलर उभा राहायचा देवळाच्या उतारावर!

"पण गावोगावी सपाट जागा ओळखायची कशी?" डॉक्टर म्हणाले.

मी तेव्हा पेज वाढत होते. ताटली त्यांच्यापुढे ठेवली. आमची जमीनही जरा कलतीच, पेज एका काठाला लागलेली. मी म्हटलं, "ही ताटली सांगते की!"

तेव्हापासून ट्रेलर उभा केला की शांताराम फ्रिजच्या डोक्यावर पाण्याने भरलेली ताटली ठेवायचा, आणि पाणी चारी काठांना सारखं लागेपर्यंत चाकाखाली दगड सारायचा. काम असं मन लावून करायचा की बघ्यांना वेगळंच वाटलं. पुढच्या फेरीला एका गावात डॉक्टर बाहेर येऊन बघतात, तर एक म्हातारी जास्वंदीचं फूल आणि विडा घेऊन उभी!

"देवाची पूजा झाली काय?" तिने विचारलं. "माका मागसून कमरेचा औषध पण दिया."

०००

फोंडाघाटला त्याहून मोठी गंमत झाली. बाजाराचा दिवस. जीप बंद, आणि फ्रिज मात्र बॅटरीवर चालू. डॉक्टर सकाळपासून रोगी तपासतायत. संध्याकाळी निघायला जीपची किल्ली फिरवली तर आवाज नाही. फ्रिजने बॅटरी पिऊन टाकलेली!

सकाळी कण्हत आलेली माणसं औषध घेऊन अजून गप्पा मारत बसली होती. शांतारामने सगळ्यांना जीपच्या मागे लावलं. दम्याचे पुढे, संधिवाताचे मागे. "हैसा!" करून गाडी सुरू झाली.

"डॉक्टर," शांताराम म्हणाला, "औषध लागू पडलां की नाय ह्या आजच्याइतक्या कधी कळाक नव्हता!"

पुन्हा मेस्त्री. या वेळी त्यांनी दोन गोष्टी केल्या. जीपची किल्ली फ्रिजच्या तारेलाच बांधली, म्हणजे किल्ली खिशात घालायची तर तार काढावीच लागेल. आणि फ्रिजची पाठ तेवढी मोकळी ठेवून बाकी तिन्ही बाजूंना दुहेरी फळी घातली, मध्ये भाताचा कोंडा ठासला. तार काढल्यावरही चार-पाच तास आत थंडी टिकायला लागली.

मी मात्र मनात म्हटलं, आता बिघडायचं काय उरलं?

०००

त्यानंतरची गोष्ट विजयदुर्गाजवळची. गवत कापताना एका बाईला फुरसं चावलं. तिच्या भावाने, तो तांडेल होता, लाँच चालवायचा, तिला पाठुंगळी मारून ट्रेलरपाशी आणलं. पाय सुजून काळा पडला होता, हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं. डॉक्टरांनी फ्रिज उघडला. इंजेक्शन थंड होतं, जसं पाहिजे तसं.

दोन दिवस ती बाई ट्रेलरमध्येच होती. डॉक्टर बाहेर झाडाखाली झोपले. तिसऱ्या दिवशी ती उठून बसली आणि पेज मागितली.

तांडेल आला, आणि डॉक्टरांच्या पाया पडायचं सोडून फ्रिजपुढे आडवा झाला!

शांताराम ओशाळला. "अरे, डॉक्टर हडे आसत!"

"राहू दे रे," डॉक्टर म्हणाले. "त्याचं बरोबर आहे. मी काय, पूर्वीही होतोच की."

ही गोष्ट डॉक्टरांनी आमच्या ओसरीवर बसून सांगितली. सगळे हसले. मी उठून आत गेले. रोज तुळशीपुढे मी मागत काय होते? फ्रिज बिघडू दे म्हणत होते. माझा नवरा घरी राहावा म्हणून कुणाच्या बायकोचा पाय, कुणाच्या बहिणीचा जीव मी त्यात घालत होते, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पाणी घालताना म्हटलं, "देवा महाराजा, आधीचा सगळा माघारी घे. तो फ्रिज नीट चालू दे."

देवाने तेही ऐकलं. फ्रिज पुन्हा बिघडला नाही.

०००

तुळशीचं लग्न लागलं. खळ्यात उसाची चिपाडं पडली होती तेव्हाच मेस्त्रींनी वाशातलं पत्र काढून खिशात घातलं. सकाळच्या बसने निघायचं ठरलं. मी लाडू बांधून दिले. मेस्त्री पत्र्याची ट्रंक खांद्यावर घेऊन तिठ्यावर गेले.

पुढचं मला मागाहून कळलं, तेही दुसऱ्याकडून.

बस आली. आतून एकच उतारू उतरला. मेस्त्री पायरीवर पाय ठेवणार, तोच त्याने विचारलं, "ओ, हयसर बाबल मेस्त्री खंय रवता?"

मेस्त्रींनी पाय तसाच ठेवला. "कित्याक?"

"मी विजयदुर्गाचो तांडेल. डॉक्टराच्या गाडयेतला कपाट त्येनी केल्लां. भायर ऊन, तार काढलेली, तरी आत थंडी. आमच्या लाँचीत बर्फ दुपारपर्यंत पाणी होता आणि मासो कुसता. माका तसो बर्फाचो खण करून व्हयो. घरच्या चार लाँची आसत. चारीत व्हयो."

कंडक्टर घाटावरचा होता. तो ओरडला, "ओ पाव्हणं, चढताय का न्हाई?"

मेस्त्रींनी पाय खाली घेतला. "ह्येंका बाबल मेस्त्र्याकडे जावचा आसा," ते कंडक्टरला म्हणाले. "एकटे गेले तर वाट चुकतले. मी पोचवतंय."

बस गेली. ट्रंक तांडेलाने आग्रहाने आपल्या खांद्यावर घेतली. वाटेत त्याने विचारलं, "हो मेस्त्री माणूस कसो?"

"बरो आसा," मेस्त्री म्हणाले. "जरा हट्टी."

"घराक भेटात ना? की खंय कामाक गेलो आसात?"

"आज जावचो होतो. पण माका वाटता, भेटात."

इकडे मी मागीलदारी तोंड धूत होते, आयेला रडलेलं दिसू नये म्हणून. पुढे पावलं वाजली म्हणून ओसरीवर आले. खळ्यात एक परका माणूस आमची ट्रंक उतरवत होता, आणि त्याच्यामागे मेस्त्री उभे होते, वरच्या फळीचं माप घेताना बघावं तसे नुसते माझ्याकडे बघत. तांडेल एकदा ट्रंकेकडे बघत होता, एकदा त्यांच्याकडे.

आये खांबाला टेकून पानाला चुना लावत बसली होती. तिने मान वर केली. मुलाकडे बघितलं, ट्रंकेकडे बघितलं, पान दुमडून तोंडात घातलं.

"काय रे बाबल्या," ती म्हणाली, "मुंबय इतकी जवळ आसा, तां माका इतक्या वर्सांत कोणी सांगूकच नाय!"